लताचा कान आणि माझा

माझी धाकटी बहीण लता कानाच्या दुखण्याने गेली, आणि तिच्या कानातल्या पुवामुळे मी वाचले. कानाच्या दुखण्याने कधी कोणी मरतं का, असं लोक मला अजून विचारतात. मरतं. ज्यांच्या घरात कोणाचा कान वाहतोय आणि पावसाळा संपला की सुकेल म्हणून दिवस ढकलणं चाललंय, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. बारावी शिकलेली टेलिफोन ऑपरेटर होते. आमच्यावर जे आलं आणि त्यातलं मला जेवढं समजलं, तेवढंच सांगते.

उजवा आणि डावा

आम्ही मूळच्या पनवेलजवळच्या गव्हाणच्या. वडील मी शाळेत असतानाच वारले. थोडी भातशेती आणि मिठागरावरची मजुरी, एवढ्यावर आईने आम्हा दोघी बहिणींना वाढवलं. आमचे दोघींचेही कान लहानपणापासून वाहायचे. माझा उजवा, लताचा डावा. वाहता कान वर ठेवायचा म्हणजे उशी खराब होत नाही, म्हणून मी डाव्या कुशीवर झोपायची आणि ती उजव्या. त्यामुळे आमची तोंडं एकमेकींकडे असायची. झोप लागेपर्यंत ती काहीतरी बोलत राहायची.

कान वाहणं हे आमच्याकडे दुखणं मानतच नसत. कोणाला दमा असतो, कोणाचं पोट दुखतं, तसा आमचा कान. लसूण घालून कोमट केलेलं तेल, कापसाचा बोळा, आणि फारच झालं तर पनवेलला जाऊन थेंब आणि गोळ्या आणायच्या. कान सुकला की गोळ्या बंद. उरलेल्या गोळ्या फडताळात. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा वाहायला लागला की त्याच काढायच्या. सगळं गाव तेच करत होतं.

माझं लग्न पनवेलला झालं. माझे यजमान दिलीप एस.टी.मध्ये क्लार्क. मी तळोज्याच्या एका कारखान्यात स्विचबोर्डवर बसायची. हेडफोन डाव्या कानाला लावायची, कारण उजव्याने जेमतेमच ऐकू यायचं. काम मला फार आवडायचं. आवाजावरून माणूस ओळखायची मला इतकी सवय झाली होती, की साहेबलोकांनी नुसतं 'हॅलो' म्हटलं तरी आज त्यांचं घरी भांडण झालंय का, ते मला कळायचं.

नव्वद सालानंतरच्या एका हिवाळ्यात लताचं लग्न ठरलं. उरणकडचा मुलगा, चांगली नोकरी. आईने तिला एकच गोष्ट बजावली होती.

"कानाचा कोनाला बोलू नको. लगीन होऊ दे, मंग बगू."

लता बोळ्याला अत्तर लावायची. तिच्या कानाला त्या वर्षी वेगळाच घाण वास यायला लागला होता आणि बोळा रोज दोनदा बदलावा लागत होता. डोकं दुखतं असं ती म्हणायची, पण लग्न ठरलेल्या मुलीचं डोकं दुखतं याची काळजी कोण करतं?

नाव येत नाय

होळीच्या आधी ती साड्या घ्यायला माझ्याकडे पनवेलला आली. सकाळी मी चहा टाकला. ती ओट्याशी उभी राहून म्हणाली, "ताई, तो दे ना... तो दरवाजा."

बोट साखरेच्या डब्याकडे होतं. मी हसले. तीही हसली. थोड्या वेळाने केस विंचरायला तिने माझ्याकडे होडी मागितली. सासूबाई म्हणाल्या, "काय गं, नवऱ्यामुलाचा विचार चाललाय वाटतं?" आम्ही तिघी पोट धरून हसलो. तो आमचा तिच्यासोबतचा शेवटचा हसण्याचा दिवस.

दुपारपर्यंत तिचं हसू गेलं. ती खुर्चीवर बसून खोलीतल्या एकेका वस्तूकडे पाहत होती आणि ओठ हलवत होती. मी जवळ गेले तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला.

"मला म्हाईत हाय गं काय हाय ते," ती रडत म्हणाली. "सगला म्हाईत हाय. नाव येत नाय."

मग तिला उलटी झाली. आम्ही तिला जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिच्या कानात बॅटरी मारली, बोळा नाकाशी नेला, मान पुढे वाकवून पाहिली. घड्याळ पुढे धरून विचारलं, "हे काय आहे?" लता म्हणाली, "ते... वेळ बगतात ते." डॉक्टर दिलीपकडे वळले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

"घरी नेऊ नका. इथूनच मुंबईला न्या. मी चिठ्ठी देतो."

शेजाऱ्यांची जीप मिळाली. गव्हाणला निरोप पाठवून आईला आणलं. ती मिठागरावरून आली तशीच जीपमध्ये बसली. पायाचा चिखलही वाळला नव्हता.

मधली भिंत

मोठ्या सरकारी हॉस्पिटलमध्ये डोक्याचा स्कॅन झाला. कानाचे सर्जन फोटो उजेडासमोर धरून आम्हाला समजावत होते. लताच्या डाव्या कानाच्या बरोबर वर, मेंदूत, एक गोल डाग होता. लिंबाएवढा. कडेला पांढरी रेघ.

"हा पू आहे. कानातून वर गेलाय. ह्या भागात आपले शब्द असतात, म्हणून तिला नावं सापडत नाहीत."

आईने विचारलं, "कानातना डोक्यात? मदी काय भिंतबिंत नाय?"

"होती, आजी," सर्जन म्हणाले. "हाडाची होती. ती कुजून गेली."

ज्या दिवशी दुखण्याचं नाव कळतं त्या दिवशी माणूस काय करतो, हे पुस्तकात सापडत नाही. आईने माझ्या पदराला हात पुसले. दिलीप उगीचच खिसे चाचपत राहिले. मला लाज वाटेल असा विचार मनात आला, की आता उरणच्या लोकांना काय सांगायचं?

डोक्याला भोक पाडून पू काढला. लताचे लांब केस एका बाजूने पार काढून टाकले होते. दुसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले. ताप उतरला होता. मला वाटलं, झालं, सुटलो. नर्सने माझ्याकडे बोट करून तिला विचारलं, "ही कोण?"

लता माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत पूर्ण ओळख होती. ओठांवर 'ताई' येत नव्हतं. बराच वेळ ती झगडत होती. मग म्हणाली, "ती... माझी... मोठी."

मी बाहेरच्या जिन्यात जाऊन बसले.

वॉर्डातले दिवस

हॉस्पिटलचा दिवस फार लवकर सुरू होतो. आधी फरशी पुसणारी येते, मग चहाची किटली, मग नर्स थर्मामीटर घेऊन. थर्मामीटर काढताना आम्ही नर्सच्या तोंडाकडे बघायचो. ती काही बोलायची नाही, पण ताप असला की पारा झटकताना तिचा हात जोरात चालायचा. त्यावरून आम्हाला कळायचं. पुन्हा ताप येऊ लागला होता.

लताला तीन औषधं शिरेतून चालू होती. त्या काळी अशा दुखण्याला हीच देत असत, आणि मोठी म्हणून देत असत. मी बाटलीतून पडणारा थेंब न् थेंब पाहत बसायची. असा जोरदार उपचार चालू असताना ताप कसा चढतो, ते मला समजत नव्हतं.

रोज सकाळी एक तरुण डॉक्टरीण यायच्या. सगळे त्यांना अनघा मॅडम म्हणायचे. त्या पेशंटला औषध देत नसत. खालच्या मजल्यावरच्या जंतूंच्या प्रयोगशाळेत काम करायच्या आणि वाहत्या कानांतल्या जंतूंचा अभ्यास करत होत्या. ऑपरेशनच्या वेळचा पू त्यांच्याकडेच गेला होता.

"मॅडम, औषध लागू का पडत नाही?" मी त्यांना अडवून विचारलं.

"जंतू वाढायला वेळ लागतो हो," त्या म्हणाल्या. "वाढले की त्यांच्यावर एकेक औषध टाकून बघायचं. उद्यापर्यंत मला सांगता येईल." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मीही खाली सारखं जाऊन बघतेय."

शेजारच्या खाटेवर आग्रीपाड्याच्या एक बाई होत्या. त्यांच्या नातीचं ऑपरेशन झालं होतं. घरून येणाऱ्या डब्यातली अर्धी खिचडी त्या न विचारता आईसमोर ठेवायच्या. आई 'नको' म्हणायची, त्या ऐकलं न ऐकल्यासारखं करून पाठ फिरवून बसायच्या. त्या डब्यावर आई टिकली.

दुसऱ्या दिवशी मला पनवेलला यावं लागलं. कपडे, पैसे, रजेचा अर्ज. परत गेले तेव्हा वॉर्डाच्या दारात दिलीप उभे होते. ते काही बोलायच्या आत मला आतून आईचा आवाज ऐकू आला. तो आवाज मी आजही ऐकू शकते. आता बाकीचे बरेच आवाज येत नाहीत, पण तो येतो.

अनघा मॅडमचा रिपोर्ट त्याच संध्याकाळी आला. तिन्ही औषधांना जंतू दाद देत नव्हता.

पाळी माझी

लताचं दिवसपाणी झालं. उरणचे लोक भेटायला आले, नवरामुलगा ओटीवर मान खाली घालून बसला आणि चहा न पिता गेला. मी कामावर जायला लागले. कोणी 'हॅलो' म्हटलं की 'लाइन जोडते' एवढंच म्हणायची.

पाऊस सुरू झाल्यावर माझा उजवा कान वाहू लागला. दरवर्षी वाहायचा, पण या वेळी कानामागे सूज आली आणि सकाळी उठताना खोली फिरायची. मी दिलीपला सांगितलं नाही. एक दिवस स्वयंपाकघरात भांडी लावताना मला 'झारा' शब्द आठवेना. नुसता थकव्याने असेल. कोणालाही होतं असं. पण माझ्या हातातून ताटल्या खाली पडल्या आणि मी ओरडतच सुटले. दिलीप धावत आले. मी घरातल्या एकेका वस्तूचं नाव त्यांना मोठमोठ्याने म्हणून दाखवत होते. पातेलं, पोळपाट, खिडकी, कॅलेंडर. ते म्हणत होते, "अगं हो, बरोबर आहे, बरोबर आहे." मी थांबतच नव्हते.

सासूबाई दारातून म्हणाल्या, "हे त्यांच्या घराण्यातच दिसतंय." त्या वाईट मनाच्या नव्हत्या. घाबरल्या होत्या. पण त्या दिवसापासून माझा टॉवेल वेगळ्या दोरीवर गेला.

पुन्हा तेच हॉस्पिटल, तोच जिना. आईला मी येऊ नको म्हटलं होतं, तरी ती आलीच. वॉर्डात शिरताना ती लताच्या खाटेकडे बघायला नको म्हणून भिंतीकडे तोंड करून चालली.

माझ्या स्कॅनमध्ये मेंदू स्वच्छ होता. मात्र कानामागचं हाड पोखरलं होतं आणि वरची भिंत कागदासारखी झाली होती. सर्जन नेहमीची तीन औषधं सुरू करायला सांगत होते, तेवढ्यात अनघा मॅडम आल्या. लग्नानंतर माझं आडनाव वेगळं होतं, त्यांनी मला तोंडावरून ओळखलं.

"सर, ही त्या लताची बहीण. ती तीन देऊ नका. रिपोर्टची वाट बघण्यात दिवस जातील. लताच्या जंतूवर चाललेली दोन आहेत, ती आजच सुरू करू या."

सर्जन म्हणाले, "दोघींचा जंतू एकच कशावरून?"

"एकाच घरात वाढल्यात, सर. चुकलं तर बदलू. बरोबर असलं तर वेळ वाचेल."

तो वाचला. माझ्या पुवाचा रिपोर्ट आला तेव्हा तोच जंतू निघाला, त्याच तिन्ही औषधांना न जुमानणारा. त्या आधीच योग्य औषध माझ्या अंगात गेलं होतं. लताच्या वेळी जे कळायला उशीर झाला, ते माझ्या वेळी तिच्यामुळे आधीच ठाऊक होतं. याबद्दल देवाचे आभार मानायचे की त्याला जाब विचारायचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

बांगडी

औषधाबद्दल सांगायला सर्जन स्वतः खाटेशी येऊन बसले, तेव्हाच मी समजले की काहीतरी वाईट आहे.

"ही दोन इंजेक्शनं तुझा जीव वाचवतील. पण त्यातल्या एकाने ऐकू येणं कमी होऊ शकतं. दोन्ही कानांचं."

"म्हणजे चांगल्या कानाचंही?"

"हो. होईलच असं नाही. होऊ शकतं."

दिलीप लगेच म्हणाले, "द्या, डॉक्टर." मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना माझ्या स्विचबोर्डचं माहीत होतं. रोज संध्याकाळी मी साहेबलोकांच्या आवाजाच्या नकला करायची आणि ते हसायचे. ते खाली बघून म्हणाले, "तू राहा. बाकीचं बघू." मी मान हलवली.

कानामागचं हाड साफ करायचं ऑपरेशन ठरलं, त्याच्या आदल्या दिवशी अनघा मॅडम मला खाली प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. मीच हट्ट केला होता. मला बघायचं होतं की तीन-तीन औषधं पचवणारा हा असा कोण आहे. टेबलावर काचेच्या चपट्या बश्या होत्या, वर झाकण. आत तपकिरी खळीसारखं काहीतरी आणि त्यावर पातळ साय धरलेली. पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा त्या सायीवर एकात एक लाटा होत्या. याचं नाव प्रोटिअस, त्या म्हणाल्या.

"सासूबाई म्हणतात, हे आमच्या घराण्यात आहे."

"घराण्यात आहे खरं," मॅडम म्हणाल्या, "पण ह्यांच्या. तुमच्या नाही."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. प्रत्येक जंतूच्या पोटात त्याची जन्मकुंडली असते, एक लांब धागा. हा धागा आईकडून मुलीकडे जावा तसा एका जंतूतून त्याच्या पुढच्या पिढीत जातो. पण काही जंतूंकडे त्याखेरीज एक छोटी गोल बांगडी असते. लताच्या जंतूकडे होती. त्या एका बांगडीत तिन्ही औषधांची तोड लिहिलेली होती. आणि ही बांगडी नुसती मुलाबाळांना मिळते असं नाही. जंतू शेजारच्या जंतूला चिकटतो, बांगडीची नक्कल करतो आणि ती नक्कल त्याला देऊन टाकतो. शेजारी वेगळ्या जातीचा असला तरी चालतं. देणाऱ्याची बांगडी त्याच्याकडेच राहते.

"हे तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी दोन बश्या पुढे ठेवल्या. एका साध्या, निरुपद्रवी जंतूवर त्यांनी आधी ती औषधं टाकली होती. तो मेला, बशी कोरी. मग तोच साधा जंतू त्यांनी एक रात्र लताच्या जंतूबरोबर ठेवला, सकाळी वेगळा काढला आणि पुन्हा तीच औषधं टाकली. दुसरी बशी ठिपक्यांनी भरून गेली होती.

"एका रात्रीत शिकला?" मी विचारलं.

"शिकला नाही. त्याला मिळालं."

"पण लताच्या जंतूला पहिल्यांदा कोणी दिलं?"

"ते नाही सांगता येत. आपण कान सुकला की गोळ्या बंद करतो ना, तेव्हा साधे जंतू मेलेले असतात आणि बांगडीवाले उरतात. मग जागा त्यांचीच. असं वर्षानुवर्षं, घरोघरी. कुठे सुरू झालं ते कोणालाच ठाऊक नसतं."

वर आल्यावर आईला मी हे सगळं सांगितलं. मग तिने हळूच विचारलं, "तुझ्याकरना लतीला गेला, का लतीकरना तुला आला?"

मी म्हटलं, "ते कळत नाही, आई."

"बरा हाय," आई म्हणाली. "कलूच नये."

ऐकू येईनासं झालं ते

ऑपरेशन चांगलं झालं. हाड कोरून साफ केलं, उजव्या कानाचं ऐकणं त्यातच गेलं. ते मी धरूनच चालले होते. डावा कान मात्र हळूहळू गेला. आधी पाखरांचे आवाज गेले. दिलीपने मला बरं वाटावं म्हणून एका रविवारी कर्नाळ्याला नेलं होतं. ते सारखे झाडात बोट दाखवत होते आणि मी सारखी मान डोलवत होते. मला एकही पाखरू ऐकू आलं नाही. त्यांना हे कळू दिलं नाही. मग नळ उघडा राहायला लागला, कुकरच्या शिट्ट्या सुटायला लागल्या. शेवटी माणसांचं बोलणं असं यायला लागलं, जसं कोणी तोंडावर उशी धरून बोलावं.

कारखान्यात मी परत गेले. पहिल्या दिवशी तीन लाइनी चुकीच्या जोडल्या. मॅनेजर भले होते, मला स्टोअरच्या कामावर घेतलं. माझ्या जागी नवीन आलेली मुलगी हेडफोन लावून बसलेली मला काचेतून दिसायची. तिचे ओठ हलताना दिसायचे.

यंत्र लावते मी आता. त्याने आवाज येतो, पण भांड्यांचाही तेवढाच येतो. पहिलं वर्ष मी फार वाईट वागले. दिलीप काही सांगायला लागले की 'जाऊ द्या' म्हणायची. त्यांनी मग एक युक्ती काढली. माझा तळहात घेऊन त्यावर बोटाने शब्द लिहायचे. भाजी काय आणू, इथपासून सुरुवात झाली. हळूहळू मी हात आपणहून पुढे करायला लागले.

सासूबाईंबद्दलही लिहायला हवं. कानामागचे केस काढले होते ती जागा मला कोणाला दाखवायची नसायची. एका दुपारी त्यांनी मला समोर बसवलं, बाकीच्या केसांना तेल लावलं आणि त्या जागेवरून केस असे वळवून घेतले की ती दिसेनाशी झाली. टॉवेल त्याच आठवड्यात मूळच्या दोरीवर आला.

ज्यांच्यासाठी हे लिहायला घेतलं त्यांना सांगते. कान वाहतो हे दुखणं आहे. सुकला म्हणजे बरा झाला असं नाही. पुवाला घाण वास येऊ लागला, डोकं दुखू लागलं, चक्कर आली, तर थांबू नका. डॉक्टरांनी जितके दिवस सांगितलं तितके दिवस औषध घ्या आणि फडताळात ठेवलेलं घेऊ नका. मुलगी लग्नाची असेल तर आधी तिचा कान दाखवा. लग्नं थांबतात, त्याने काही होत नाही.

खालच्या मजल्यावर

काही वर्षांनी कान तपासायला मी हॉस्पिटलात गेले होते. आई बरोबर होती. अनघा मॅडमना भेटायला आम्ही खाली उतरलो. त्यांना पुण्याला नोकरी लागली होती आणि त्या आपलं सामान आवरत होत्या. मला नीट दिसावं म्हणून त्या तोंड माझ्याकडे करून सावकाश बोलत होत्या.

"तुम्हाला सांगू का नको, असं झालंय मला. लताचा तो जंतू आम्ही ठेवलाय. बर्फात असतो. मधूनमधून बाहेर काढून वाढवतो. त्याच्यावर पुढे बरंच काम झालं. आज बाहेरच आहे."

मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "बगू."

मॅडमनी बशी तिच्या हातात दिली नाही, समोर धरली. त्याच लाटा, एकात एक. आईने पदर नाकाला लावला आणि खूप वेळ बघत राहिली. लता जाऊन इतकी वर्षं झाली होती. तिच्या साड्या वाटून टाकल्या होत्या, तिचा एकच फोटो होता आणि तोही पुसट. तिच्या अंगातून आलेलं जिवंत असं जगात एवढंच उरलं होतं, आणि त्यानेच तिला नेलं होतं. मला ती बशी जमिनीवर आपटावीशी वाटली. आणि तिला कोणी धक्का लावू नये असंही वाटलं. हे दोन्ही एकदमच.

आईने मॅडमना विचारलं, "याला खायाला काय घालता?"

मॅडम गोंधळल्या. मग म्हणाल्या, "मांसाचं सार असतं, आजी. त्यात थोडं मीठ."

"रोज?"

"बाहेर असला की रोज."

आईने मान हलवली. नमस्कार करून आम्ही निघालो.

पनवेलच्या एस.टी.साठी रांगेत उभ्या होतो. गाड्यांचा, माणसांचा गलका होता आणि माझ्या यंत्रात नुसती घरघर. आई समोर बघत काहीतरी बोलली. तिचे ओठ हललेले दिसले, शब्द कळले नाहीत.

"काय?" मी विचारलं.

तिने पुन्हा सांगितलं. मला पुन्हा आलं नाही. मी मान वाकवून डावा कान तिच्या तोंडाशी नेला. तेव्हा आईला ते ओरडून सांगावं लागलं. रांगेतली सगळी माणसं वळून बघू लागली.

"लती शेवटाला पानी मागत व्हती! तू पनवेलला गेली व्हतीस तवा. पानी बोलता येत नव्हता तिला. 'पाऊस दे, पाऊस दे' बोलत व्हती. मला कलला व्हता. नर्स नको बोलली म्हनून मी नाय दिला!"